सर्व्हरचा ताप उतरवण्याआधी

‘सर्व्हर स्लो आहे, थांबा,’ हे केसपेपरच्या खिडकीवरचे वाक्य आता सगळ्यांच्या परिचयाचे झाले आहे. देवबागहून सकाळच्या एसटीने आलेला मधुमेही रुग्ण रक्त तपासणीसाठी उपाशी असतो. त्याला इन्सुलिन चालू असेल आणि रांग तासभर लांबली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यामुळे संगणकाचा वेग हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

अनेक ठिकाणी नोंदणी, प्रयोगशाळा, औषधसाठा ही कामे ‘व्हर्च्युअल मशीन’वर चालतात. म्हणजे एकाच मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र संगणकासारखे वापरले जाते. त्यातला प्रोसेसर सतत 95-100 टक्क्यांवर राहिला की सारे मंदावते. अशा वेळी हमखास दोन उपाय होतात: मशीन बंद करून चालू करणे किंवा जादा प्रोसेसर मागणे. हे म्हणजे ताप कशामुळे आला ते न पाहता पॅरासिटामॉल देणे. ताप उतरतो, आजार राहतो. शिवाय रीस्टार्टने बिघाडाचे बरेच पुरावेही पुसले जातात.

आधी निदान हवे. नेमका कोणता प्रोग्राम प्रोसेसर खातो, हे विंडोजमध्ये टास्क मॅनेजर आणि लिनक्समध्ये ‘टॉप’ दाखवतो. अँटिव्हायरसची तपासणी ऐन ओपीडीच्या वेळी लागते का? एका रुग्णाची नोंद शोधताना सगळा डेटाबेस चाळला जातो का? मेमरी अपुरी आहे का?

आत काहीच सापडले नाही तर मूळ सर्व्हर पाहावा. समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर हंगामात गाड्या वाढल्या की सगळ्याच अडकतात. तिथे आणखी मोठी गाडी आणून वाट मोकळी होत नाही. एका सर्व्हरवर मशीनची दाटी झाली की तसेच होते. लिनक्समध्ये ‘स्टील टाइम’चा आकडा ही दाटी दाखवतो.

कधी गर्दी खरीच असते. 28 एप्रिल 2021 रोजी 18 वर्षांवरील नागरिकांसाठी लसनोंदणी खुली होताच कोविन पोर्टल अडखळले होते. अशा वेळी क्षमता वाढवणे योग्यच.

रुग्णाच्या तापाचा तक्ता ठेवतात, तसा सर्व्हरचाही ठेवावा. बॅकअप आणि अँटिव्हायरसची तपासणी रात्री लावावी. आणि सर्व्हर अडला तरी रुग्ण अडू नये, यासाठी खिडकीवर कोरे केसपेपर कायम तयार असावेत.