केपटाउनच्या मधोमध पडीक जमीन

केपटाउनला गेलेला मराठी पर्यटक रोप-वेने टेबल माउंटन चढतो, पेंग्विन बघतो, द्राक्षमळ्यांत एक दुपार घालवतो. हे सगळं बघण्यासारखंच आहे. पण त्याच शहराच्या ऐन मध्यात, डेव्हिल्स पीकच्या पायथ्याशी, गवत माजलेली मोठमोठी मोकळी जागा दिसते. मधूनच एखादी मशीद, एखादं चर्च. समोर बंदर. इतक्या मोक्याची जागा ओस कशी, हे मी विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर उरलेलं केपटाउन मला पूर्वीसारखं दिसेना.

ही डिस्ट्रिक्ट सिक्स. 1867 साली नगरपालिकेचा सहावा विभाग म्हणून हे नाव पडलं. गुलामीतून सुटलेल्यांची कुटुंबं, मलायी मुसलमान, ज्यू, आफ्रिकी, हिंदी दुकानदार असे सगळे इथे भिंतीला भिंत लावून राहत. यांत आपले कोकणी मुसलमानही होते. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांतून बोटीने गेलेली ही माणसं. किराणा दुकानांवर त्यांनी संसार उभे केले, आणि केपटाउनमधल्या जुन्या पिढीच्या तोंडी कोकणी अजून आहे.

11 फेब्रुवारी 1966 रोजी सरकारने हा भाग फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर केला. त्यामागे 1950 चे दोन कायदे होते. एकाने प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंश लिहिला, दुसऱ्याने त्या वंशाने कुठे राहायचं ते ठरवलं. वंशाबद्दल शंका असली तर केसांत पेन्सिल खोचून बघत. ती खाली पडते की अडकून राहते, यावर माणसाचं आयुष्य ठरे. सख्खी भावंडं वेगवेगळ्या वंशांत टाकली गेली. केपटाउनमधल्या एका कोर्टाच्या इमारतीत अशा वंशनिश्चितीच्या सुनावण्या चालत. तिच्या बाहेर आज दोन बाकडी ठेवली आहेत, एक गोऱ्यांचं, एक इतरांचं. मला त्यांतल्या कुठल्याच बाकड्यावर बसवेना.

वर्णभेद म्हटलं की आपल्याला तुरुंग आणि गोळीबार आठवतो. 1960 साली शार्पव्हिलला पोलिसांनी 69 माणसं मारली, ते विसरता येणार नाही. पण डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये मला धास्ती वाटली ती नोटिशीची, नकाशाची, कारकुनाच्या शिक्क्याची. रक्ताचा थेंब न सांडता साठ हजारांहून अधिक माणसं उठवली गेली आणि शहराबाहेर केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर नेऊन टाकली गेली. तिथेही वंशावर वस्त्या वेगळ्या. शेजारी तुटले, कामाची ठिकाणं लांब पडली. मागे बुलडोझरने घरं पाडली. प्रार्थनास्थळं तेवढी ठेवली.

गंमत नव्हे, शोकांतिका अशी की गोऱ्यांची वस्तीही तिथे नीट उभी राहिली नाही. विरोध इतका होता की सरकारने बांधलेली एक मोठी शिक्षणसंस्था आणि थोडी घरं सोडली, तर बरीचशी जमीन तशीच पडून राहिली.

तिथलं संग्रहालय एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये आहे. डिसेंबर 1994 मध्ये ते उघडलं. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा पसरलेला आहे आणि जुन्या रहिवाशांनी आपलं घर होतं त्या जागी स्वतःच्या हाताने नावं लिहिली आहेत. वर रस्त्यांच्या खऱ्या पाट्या टांगल्या आहेत. पाडकामावरच्या एका माणसाने त्या फेकून न देता वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या होत्या.

एके काळी आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळून असा शिक्का असे. 1946 साली भारताने त्या देशाशी व्यापार तोडला, संयुक्त राष्ट्रांत तिथल्या वंशभेदाचा प्रश्न मांडला. आज आपण तिथे मजेत फिरतो, आणि टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात या जागेला बहुधा अर्धा तासही नसतो. हे मला पटत नाही.

2004 साली, वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाल्याच्याच तारखेला, परतणाऱ्या पहिल्या रहिवाशांना नेल्सन मंडेलांनी घराच्या किल्ल्या दिल्या. ते रहिवासी म्हातारे होते. पुढचं काम फार संथ चाललं आणि घराची वाट बघता बघताच कित्येक जण गेले. संग्रहालयात माहिती सांगणाऱ्यांत याच वस्तीतून उठवलेली माणसं आहेत, आणि त्यांचीही वयं झाली आहेत. केपटाउनला जाणार असाल तर त्यांच्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा.