विश्लेषण : जुन्या भयखेळांची गैरसोय हा दोष की गुण?

अंधाऱ्या पडद्यावर फक्त एक दार दिसते. ते करकरत उघडते आणि पलीकडे काय आहे, हे दोन-चार सेकंद कळत नाही. जपानच्या ‘कॅपकॉम’ कंपनीने मार्च १९९६ मध्ये आणलेल्या ‘रेझिडेंट ईव्हिल’ या व्हिडीओ गेमने एका पिढीला असे घाबरवले. ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हा शब्द रूढ झाला तो याच खेळामुळे. मात्र त्याच्यावरील समीक्षकांचे मतभेद आजही मिटलेले नाहीत.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप संवादांवर. लाकडी अभिनय आणि हास्यास्पद वाक्ये यांची थट्टा आजही होते. दुसरा हालचालींवर. बटण दाबले की पात्र त्याचे तोंड असेल त्या दिशेने रणगाड्यासारखे सरकते. तिसरा कॅमेऱ्यावर. तो एका जागी खिळलेला असल्याने कोपऱ्यापलीकडचे दिसत नाही. चौथा टंचाईवर. गोळ्या मोजक्या, सोबत सहा किंवा आठच वस्तू आणि खेळ ‘सेव्ह’ करायचा तर टाइपरायटरची फीत खर्ची घालायची.

हे असे का होते?

पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ एमबी होती. त्यामुळे वाड्याच्या खोल्या आधीच चित्रासारख्या तयार करून ठेवल्या गेल्या. चित्र स्थिर, म्हणून कॅमेराही स्थिर. दार उघडण्याच्या दृश्यामागे सीडीवरून पुढची खोली वाचली जात असे. यंत्राची मर्यादा अशी भीतीच्या कामी आली.

समीक्षक आणि ग्राहक वेगळे का पडले?

दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनी २००२ मध्ये हाच खेळ नव्याने घडवला. चित्रे देखणी झाली, संवाद सुधारले, पण कॅमेरा आणि टंचाई तशीच ठेवली. समीक्षकांनी वाखाणणी केली. विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही. त्यामुळेच २००५ च्या चौथ्या भागात मारधाडीवर भर दिला, असे मिकामी यांनी नंतर सांगितले. कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला आणि बाकीच्या कंपन्यांनीही तीच वाट धरली. कौतुक करणारे पुष्कळ असले तरी खिशात हात घालणारे कमी असतील, तर एखादी शैली कशी मागे पडते, याचे हे उदाहरण.

न दिसण्याची भीती म्हणजे काय?

यवतमाळ जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. १३ जणांच्या मृत्यूचा ठपका असलेली ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. तोवर पांढरकवडा-राळेगाव परिसरात शेतात एकट्याने जाणे जिवावरचे झाले होते. त्या दुःखाची तुलना खेळाशी होऊच शकत नाही. पण समोर दिसणाऱ्या जनावरापेक्षा उभ्या पिकात न दिसणारे जनावर जास्त धास्ती देते, हे ज्याने अनुभवले त्याला खिळलेल्या कॅमेऱ्याचे मर्म लगेच उमगेल.

मग निवाडा काय?

सरसकट ‘जुनाट’ म्हणून नाकारणे चूक आणि आठवणींपोटी सारेच डोक्यावर घेणेही चूक. प्रत्येक गैरसोयीला एकच प्रश्न विचारावा : यातून भीती वाढते की नुसता वैताग? रटाळ संवाद वैतागच देतात. ते बदलल्याने काही बिघडले नाही. मोजक्या गोळ्या मात्र पळावे की लढावे, असा पेच टाकतात. त्या वाढवल्या की भीतीच जाते.

२०१५ च्या सुधारित आवृत्तीने हालचालींची जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती दिल्या. जर्मनीतील दोघांनी घडवलेल्या ‘सिग्नालिस’ची (२०२२) वाहवा झाली, तरी सहाच वस्तूंची मर्यादा अनेकांना जाचक वाटली. ‘क्रो कंट्री’ने (२०२४) शत्रूंविना खेळण्याचीही सोय ठेवली. निवड खेळणाऱ्याकडे सोपवणे, हा यातला शहाणा मार्ग.

खेळ विकत घेणाऱ्यानेही परीक्षणातील गुणांच्या आकड्यावर थांबू नये. गुण कशासाठी कापले, ते वाचावे. एका समीक्षकाने ज्यासाठी गुण कापले, नेमके तेच दुसऱ्या कोणाला हवे असू शकते.