तंतू गजांची जागा घेणार नाहीत

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाने दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती जमीनदोस्त केल्या. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र त्याच्या सुमारे एक दशांशच. भूकंपात बलाची दिशा क्षणोक्षणी उलटते, भेगा पडतात आणि साधे काँक्रीट ठिसूळपणे फुटते.

येथे पोलादी तंतू उपयोगी पडतात. आकारमानाच्या एखादा टक्का तंतू मिसळल्याने पहिली भेग फारशी टळत नाही. परंतु भेगेच्या दोन्ही कडा ते धरून ठेवतात. तंतू उपसून निघताना आघाताची ऊर्जा खर्ची पडते. म्हणूनच बोगद्यांची अस्तरे आणि कारखान्यांच्या जमिनी यांसाठी हे काँक्रीट वापरले जाते.

तथापि, तंतू म्हणजे गज वाचवण्याची पळवाट नव्हे. अहमदाबादेतील अनेक इमारतींना मोकळे तळमजले आणि खांबांतील अपुऱ्या रिंगा भोवल्या. खांब-तुळईच्या सांध्यांत तंतूंची जोड जरूर द्यावी, पण रिंगा पूर्ण बांधूनच. शहरोशहरी मनोरे उभे राहत असताना नव्या साहित्याने जुन्या हलगर्जीपणावर पांघरूण घालता कामा नये. काँक्रीट ओतण्यापूर्वी झालेली सळ्यांची तपासणीच अखेर जीव वाचवते.