शिवणीतली माया

वार्षिक अंकात लिहायचे तर देशाच्या प्रश्नांवर लिहावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र तीन वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकवर लिहिणार आहे. प्राध्यापक मंडळींनी हसू नये, ही विनंती!

आमचे घर इचलकरंजीतले. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगते. पण माग चालवणाऱ्याच्या घरीही कापड विकतच येते, हे कुणी सांगत नाही. वडिलांची मजुरी पिकांच्या हिशेबाने, मीटरवर. त्यामुळे कपड्याची किंमत आम्ही पाळ्यांत मोजतो.

दिवाळीआधी भाचीला फ्रॉक घ्यायला आई, ताई आणि मी बाजारात गेलो. दुकानदाराने जाळीचा, टिकल्यांचा, सहाशेचा फ्रॉक पुढे टाकला. ताईची नजर त्यावरून हलेना. आईने तो उलटा करून पाहिला. अस्तर नायलॉनचे, टिकल्यांचे दोरे आतून टोचणारे आणि शिवणीला माया अशी नाहीच. "हा एका दिवाळीचा," एवढेच ती म्हणाली.

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड. मूल पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढते. तान्ह्याला महागडे कपडे घेणे ही निव्वळ हौस. तीन वर्षांनंतर मात्र ते वर्षाला सहा-सात सेंटिमीटरच उंच होते. तेव्हा ढगळ फ्रॉक घेण्यात शहाणपण नाही. खांद्यात बेताचा, पण खाली चार बोटे दुमड असलेला घ्यावा. दुमड उसवली की पुढचे वर्ष निघते. रेडिमेडवाल्यांनी नेमकी ही दुमडच खाल्ली आहे. किमतीला महिन्यांनी भागून पाहावे, मग स्वस्त काय ते कळते. अर्थशास्त्राच्या तासाला हे मला कुणी शिकवलेले नाही.

याहून स्वस्त म्हणजे दुसऱ्याचे उतरलेले कपडे. बाळाला आपण आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतो, तेव्हा कुणाला कमीपणा वाटत नाही. तेच मूल शाळेत जाऊ लागले की जुना कपडा लाजिरवाणा होतो. का, ते मला ठाऊक आहे. आई ज्यांच्याकडे धुणीभांडी करायची, त्या बाईंच्या मुलीचा निळा फ्रॉक घालून मी चौथीत असताना शाळेत गेले. मधल्या सुट्टीत ती सर्वांसमोर म्हणाली, "हा माझा आहे." खोटे काहीच बोलली नव्हती. चांगला दोन वर्षे टिकला असता तो. मी पुन्हा घातला नाही; आईने त्याची उशीची खोळ केली.

मित्रमैत्रिणींनो, घरातले लहान भावंडांचे आखूड झालेले कपडे बोहारणीला घालण्याऐवजी जरूर द्या. पण धुऊन, बटणे लावून द्या आणि नंतर रस्त्यात दिसले तर ओळखू नका. वाटपाच्या कार्यक्रमात फोटो काढून दिलेला फ्रॉक कोणत्याही मुलीला अंगात घालवत नाही. (संपादकांनी हे वाक्य कापू नये.)

आम्ही त्या दिवशी दीड मीटर सुती छीट घेऊन परतलो. "सासरी काय म्हणतील?" म्हणून ताई वाटभर फुगलेली. तिला काय सांगावे, मला सुचले नाही. शेजारच्या काकूंच्या मशीनवर आईने रात्री फ्रॉक शिवला, खाली चार बोटे दुमड ठेवून. सकाळी ताईने स्वतःच्या पैशांनी टिकल्यांची लेस आणली. आईने ती आधी आपल्या मनगटावर घासून पाहिली आणि मग गळ्याला लावून दिली.