पाणीपुरीवाल्याची गाडी उचलून टायफॉइड जात नाही

मुंबईकर रहिवाशांनो,

पावसाळा लागला की दरवर्षी तोच तमाशा. पालिकेची गाडी येते, नाक्यावरच्या पाणीपुरीवाल्याचं पाणी रस्त्यावर ओततात, सरबतवाल्याचा बर्फ गटारात फेकतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘धडक कारवाई’ छापून येते. आठवड्याने गाडी पुन्हा तिथेच उभी असते आणि वस्तीतल्या पोरांचा ताप काही हटलेला नसतो.

उघड्यावरचं खाणं निर्धोक आहे, असं आमचं म्हणणं नाही. जकार्ता शहरात 2001 ते 2003 या काळात रोगी आणि निरोगी माणसं यांच्या राहणीची तुलना करून पाहिली गेली. फेरीवाल्याचं खाणं आणि पुराचं पाणी यांचा संबंध निघाला तो पॅराटायफॉइड या टायफॉइडसारख्याच पण वेगळ्या तापाशी. टायफॉइडची कारणं घरातच सापडली: घरात नुकताच कुणाला तरी होऊन गेलेला, हात धुवायला साबण नाही, एका ताटात जेवण, संडास नाही. शिवाय आपला पाणीपुरीवाला पाणी आणतो कुठून? आपल्याच नळावरून ना?

भांडुपच्या केंद्रात पाणी शुद्ध होतं. नासतं ते वाटेत. आपल्याच गल्लीत खाली वाकून बघा. नळ्यांचा जुडगा सरळ गटारातून गेलेला, सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. चावीवाला चावी बंद करून गेला की नळीतला दाब जातो आणि गटाराचं पाणी त्याच सांध्यातून आत शिरतं. त्यात कुणी मोटर लावली असेल तर बघायलाच नको, ती पाण्याबरोबर गटारही खेचते. (मोटर लावणाऱ्यांनो, हे तुम्हालाही सांगतोय. पण नळाला पुरेसा दाब असता तर मोटर घेतली कुणी असती?) म्हणून पाणी आल्यावर पहिला हंडा गढूळ आणि वासाचा येतो. आपण तो ओतून देतो आणि दुसरा प्यायला भरतो. दुसरा स्वच्छ दिसतो, एवढंच.

टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. डास, उंदीर, कबुतर, कुणाचाही यात हात नाही. म्हणजे ज्याला टायफॉइड झाला त्याच्या पोटात दुसऱ्या कुणाची तरी विष्ठा गेली. वाचताना किळस येत असेल तर येऊ द्या. काही लोक बरे होऊनही जंतू वर्षानुवर्षं पित्ताशयात बाळगतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. इतक्या दाट वस्तीच्या गटारात तो नाही, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ज्यांना नळजोडणीच नाही त्यांची गोष्ट आणखी वाईट. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही. निकाल कागदावर राहतो तेव्हा माणूस विकतचं पाणी पितो, नाहीतर चोरून जोडलेल्या नळीचं. आणि चोरीची जोडणी नीट बसवायला पालिकेचा प्लंबर येत नसतो.

हे सगळं नशिबाचं म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी दोन आकडे. 2017 ते 2020 दरम्यान देशात चार ठिकाणी मुलांमधला टायफॉइड मोजला गेला. वेल्लोर शहरातल्या वस्त्यांत वर्षाला लाख मुलांमागे 1173 असा अंदाज निघाला. पुणे जिल्ह्यात वढूच्या ग्रामीण भागात 35. नशिबाचंच असतं तर एवढी तफावत पडली असती का?

मुंबईत असं मोजणार कोण? दोन दिवस ताप आला की गल्लीतल्या लॅबमध्ये विडाल तपासणी होते, ‘पॉझिटिव्ह’ अशी चिठ्ठी मिळते आणि अँटिबायोटिक सुरू. ही तपासणी 1896 सालची. टायफॉइडच्या शहरात राहणाऱ्यांच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणा अनेकदा असतात, त्यामुळे भलत्याच तापातही ती होकार देऊ शकते. खरी तपासणी रक्ताच्या कल्चरची, तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. नसलेल्या टायफॉइडवर औषधं खाऊन आपण असलेल्या टायफॉइडला निर्ढावलेला करतो. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची मात्रा आता टायफॉइडच्या बहुतेक जंतूंवर चालत नाही, ती बऱ्याच अंशी याच खाक्यामुळे. शिवाय पालिकेला आयती सबब मिळते: खात्रीचा आकडाच नाही, तर जबाबदारी कसली?

लस आहे. हैदराबादेत बनते. पाकिस्तानने 2019 मध्ये आणि नेपाळने 2022 मध्ये ती नियमित लसीकरणात घेतली. खाडीपलीकडे नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्येच 1 लाखाहून जास्त मुलांना ती मोफत टोचली. नवी मुंबईला जमलं ते देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला का जमू नये? पण ही लस पॅराटायफॉइडवर चालत नाही, तेव्हा लस देऊन नळ्यांचं काम टाळता येणार नाही.

वॉर्ड ऑफिसात या मागण्या घेऊन चला. गटारातली प्रत्येक नळी वर उचला. गल्लीतल्या शेवटच्या नळाचं पाणी आमच्यासमोर तपासा. पाण्यातलं क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टला दोन मिनिटं लागतात: बाटलीत पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत पोचायला हवं. निकाल तारखेसह नाक्यावरच्या फळ्यावर लिहा. पालिकेच्या दवाखान्यात रक्ताचं कल्चर मोफत करा.

तोपर्यंत पाणी उकळूनच प्या, संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

– आपल्याच गल्लीतले रहिवासी