ड्रम ठेवा, कातडं काढा



मासवणची हवा दमट. सूर्या नदीचा काठ, त्यात पावसाळा. या दिवसांत जुन्या साइड ड्रमवरचं कातड्याचं पान सैल पडतं आणि त्यावर बुरशी धरते. अशाच एका पितळी ड्रमवरून सध्या आमच्याकडे वाद चालू आहे. काही म्हणतात, चामडं आहे, भंगारात द्या, नवा घ्या. काही म्हणतात, जुनी वस्तू आहे, कातडं तसंच ठेवा. फाटलं तर पुन्हा कातडंच बसवा, नाहीतर मूळ आवाज जातो. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत.

आधी मूळ आवाजाचं बघू. 1956-57 च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टरची पानं बाजारात आणली. त्याआधी ड्रमवर बहुतेक वासराचंच कातडं असे, कारण दुसरा चांगला पर्याय नव्हता. आज पर्याय असताना कातडं मागवायचं, तर "मी कुठे मारलं?" हे उत्तर आपल्या धर्मात चालत नाही. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींचा दोष लागतो. आहे ते कातडं ठेवलं तरी सुटका नाही. बुरशी अनंतकाय. पुसली तर तिची हिंसा, न पुसली तर ती वाढणार. दर चातुर्मासात हेच करत बसायचं का?

आता भंगारवाल्यांचं. पितळेचा चांगला घेर टाकून नवा आणायचा म्हणजे पुन्हा खाण, पुन्हा भट्टी; पृथ्वीकाय आणि अग्निकाय जीवांची विनाकारण हिंसा. याला अनर्थदंड म्हणतात. वर घरात एक वस्तू असताना दुसरी घेण्याचा परिग्रह आहेच. आणि ड्रमला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या कमरेचा पट्टा आणि खिशातलं पाकीट तपासावं.

मधला रस्ता सोपा आहे. बोल्ट सोडवून दोन्ही पानं उतरवा. वरचं पान सगळे बघतात, खालच्या तारा कोणी बघत नाही. जुन्या ड्रमला तिथे आतड्याची तात असू शकते. ती काढून स्टीलच्या तारा लावा. गळ्यातला चामडी पट्टा बदलून सुती घ्या. काढलेलं सगळं कोरड्या, निर्जीव जागी जयणेने परठवा. घेराचा व्यास नीट मोजूनच नवी पानं आणा, जुन्या ड्रमचं माप थोडं वेगळं निघू शकतं. खालचं पान पातळ लागतं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर ताण वाकडा बसतो. बोल्टला मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. घेरावर चकचकीत मुलामा असेल तर चिंच-राखेने घासू नका, मऊ कोरडं फडकं बास.

आवाज थोडा बदलेल, हे मान्य. कातड्याची ऊब पॉलिएस्टरला येत नाही. पण आपण कांदा-बटाटा सोडून स्वयंपाक करतो, तेव्हा चव बदलते म्हणून कोणी तक्रार घेऊन येत नाही. मग देवाच्या वरघोड्यात वाजणाऱ्या ड्रमसाठीच वासराच्या कातड्याचा आग्रह कशाला?