अकृत यूष, कृत यूष आणि शस्त्रक्रियेनंतरची वाटी

जठराचा भाग काढलेला रुग्ण घरी येतो तेव्हा त्याच्या हाती आहाराचा कागद असतो : आधी पातळ, मग घोटलेले, मग मऊ. चवीचा उल्लेख त्यात बहुधा नसतो. घरची मंडळी मीठसुद्धा वर्ज्य समजतात. दोन आठवडे बेचव मुगाचे पाणी प्यायलेला रुग्ण मग वाटी पाहताच तोंड फिरवतो, वजन घटते, आणि आपल्याकडे मागणी येते ती ‘भूक लागण्यासाठी काहीतरी द्या’ अशी.

येथेच आपली चूक होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशाच एका गृहस्थांना औषधालयातून अवलेह मिळाला होता. दोन चमचे घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब! साखर उरलेल्या जठरातून वेगाने आतड्यात उतरली की असे होते. शल्यचिकित्सक यास ‘डम्पिंग’ म्हणतात. आसवारिष्टांत गुळाखेरीज स्वयंजनित मद्यार्कही असतो, आणि बायपास केलेल्या रुग्णात तो रक्तात फार लवकर चढतो. औषधालयचालक बंधूंनी बाटली देण्यापूर्वी ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे.

उत्तर आपल्या संसर्जन क्रमातच आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात पेया व विलेपीनंतर आधी अकृत आणि मग कृत यूष येतो. अकृत म्हणजे स्नेह, लवण व कटु द्रव्यांचा संस्कार नसलेला. कृत म्हणजे तो असलेला. चव ही तेथे चैन नव्हे, पायरी आहे. अर्थात तो क्रम शोधनानंतरचा, १२ अन्नकालांचा. शस्त्रक्रियेनंतर आठवडे जातात. पायरी केव्हा बदलावी हे शल्यचिकित्सकानेच ठरवावे. त्या पायरीच्या आत रुची कशी आणावी, हे मात्र आपण सांगू शकतो.

मुगाचा यूष घोटून गाळावा. अर्धा चमचा तुपात जिरे तडतडवून ते तूप गाळूनच घालावे. अख्खे जिरे वा कढीपत्ता वाटीत जाता कामा नये. वस्त्रगाळ धणेपूड, किंचित सैंधव, हिंगाचा केवळ वास. (सैंधव हेही मीठच, रक्तदाबाच्या रुग्णात हात आवरावा.) त्रिकटू, मिरची, चिंच मागाहून, आणि एका वेळी एकच. रुग्ण प्रथम मागतो ते लोणचे, असा आमचा अनुभव आहे. त्याचा खारही नको.

आणि संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णाची बी १२ ची इंजेक्शने चालू आहेत ना, हे विचारण्यात वैद्याने कमीपणा मानू नये.